मारितचं एक मिनिट

एड्ला म्हातारीच्या अंगणात गाडी येऊन थांबली, की म्हातारी आधी पडदा बाजूला सारून बघायची आणि मग कॉफीचं भांडं चुलीवर चढवायची. घाई नसायची. मारित लगेच उतरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडी थांबायची, इंजिन चालूच राहायचं आणि मारित स्टेअरिंगवर हात ठेवून समोरच्या लाकडाच्या ढिगाकडे बघत बसायची. एक मिनिट. मग चावी फिरायची, इंजिन गप्प व्हायचं आणि औषधांची पिशवी खांद्याला लावून मारित पायऱ्या चढायची. तोवर कॉफीला पहिली उकळी आलेली असायची.

"आज काय मागितलंस गं देवाकडं?" एड्ला विचारायची.

"तुझ्या गुडघ्यांना थोडी अक्कल दे म्हटलं."

हा विनोद दोघींनी मिळून पार झिजवून टाकला होता, पण त्याला इतिहास होता. मारित या खोऱ्यात घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करणारी नर्स म्हणून आली, तेव्हा एड्लाला खरोखरच वाटलं होतं की ही पोर प्रत्येक घरात शिरण्याआधी प्रार्थना करते. तिनं ते गावभर केलं. शेवटी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी सगळ्यांसमोर मारितचं कौतुक केलं, तेव्हा बिचारीला उठून सांगावं लागलं, "प्रार्थना नाही हो. टर्बो आहे." पाद्रीबुवांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणतात.

उत्तरेकडच्या बर्फाळ येम्तलांद प्रांताचा हा वरचा कोपरा म्हणजे एका म्हाताऱ्यापासून दुसऱ्या म्हाताऱ्यापर्यंत नुसतं जंगल, मध्ये तळी, आणि रस्त्यात ठाण मांडून उभी राहणारी घोड्याएवढी एल्क हरणं. तिथं गाडी बंद पडली तर हिवाळ्यात फोनला रेंज शोधेपर्यंत पायाची बोटं गेलीच म्हणून समजा. पण मारितची गाडी कधी बंद पडली नाही. गाड्या बदलल्या, पण बंद एकही पडली नाही. याचं सगळं श्रेय तिच्या नवऱ्याला, एवाल्डला होतं.

एवाल्ड सरकारी रस्त्यांवरचा बर्फ सारणारा नांगर चालवायचा. बोलणं त्याला महाग पडायचं. त्या भागात 'हो' म्हणायला तोंड उघडावंच लागत नाही. ओठांचा चंबू करून श्वास जोरात आत ओढायचा, 'श्शुप' असा आवाज झाला की झालं हो. एवाल्डचे दिवसचे दिवस त्या श्शुपवर निघायचे. मारितची आई लग्नाच्या वेळी म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे, पण त्याला दमा आहे का गं?" ती दक्षिणेकडची. तिला काय ठाऊक.

या माणसानं आयुष्यात एकाच विषयावर भाषण केलं असेल, ते तेलावर. आणि तेही मारित पुढ्यात असेल तरच.

"टर्बो म्हणजे एक पंखा," तो सांगायचा. "इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर त्याला फिरवतो, आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याचा दांडा माझ्या करंगळीएवढा. मिनिटाला लाखावर गिरक्या घेतो. आणि टेकलाय कशावर? कशावरच नाही. तेलावर तरंगतोय."

"बरं मग?"

"मग तू गाडी दामटून आणतेस आणि दारात खाडकन बंद करतेस. तेलाचा पंप थांबला. पंखा अजून लालबुंद. तिथं अडकलेलं तेल करपतं. बुडाला दूध लागतं ना, तसं. एकदा लागलं की खरवडून निघत नाही. म्हणून एक मिनिट थांबायचं."

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीचा, दुसरा उष्णतेचा. पहिला जितका लहान, तितकं तेल गारठ्यात चटकन धावायला लागतं. दुसरा जितका मोठा, तितकं ते तापल्यावरही अंग धरून राहतं. एवाल्ड ते फार सोपं करून सांगायचा. "पहिला आकडा म्हणजे माणूस सकाळी कसा उठतो. दुसरा म्हणजे तापल्यावर कसा वागतो." त्यातून घरात माणसांना तेलाचे आकडे द्यायची खोडच लागली. रस्त्याच्या फाट्यावर गॅरेज चालवणारा त्याचा चुलतभाऊ सिक्स्टेन म्हणजे वीस-पन्नास. दुपारपर्यंत हलत नाही, पण भट्टीत घातला तरी पातळ होणार नाही. मुलगी तूवे पाच-तीस. उठते लवकर, पण तापली की लगेच डोळ्यांत पाणी. आणि मारित झिरो-चाळीस. म्हणजे गाडीत जे घालायचं तेच. याहून मोठं कौतुक एवाल्डनं कुणाचं केलं नाही. बायकांना फुलं मिळतात, मारितला ग्रेड मिळाली. ती मैत्रिणींना हे हसत हसत सांगायची, पण सांगायची जरूर.

या मिनिटाची सुरुवातही मजेशीरच होती. उन्हाळ्यातला नाच संपवून एवाल्डनं तिला पहिल्यांदा घरी सोडलं तेव्हाची गोष्ट. टर्बोच्या गाड्या तेव्हा नव्या नव्या आल्या होत्या आणि एवाल्डनं सगळी कमाई एकीत घातली होती. फाटकातून गाडी हळूच आत आली, अंगणात थांबली, इंजिन मात्र चालूच. एवाल्ड समोर बघत गप्प बसला. तिकडे उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही. उजेडात त्याचे लालबुंद झालेले कान तिला स्पष्ट दिसत होते. तिच्या मनात आलं, बिचारा धीर गोळा करतोय. तिनंही मान खाली घालून वाट पाहिली. एका मिनिटानं त्यानं चावी फिरवली, आणि मग वळून तिचं चुंबन घेतलं.

लग्नानंतर तिनं लाडात येऊन विचारलं, "त्या दिवशी तू एवढा वेळ बसून काय विचार करत होतास रे?"

"टर्बो," एवाल्ड म्हणाला.

तेव्हापासून हा किस्सा लग्नकार्यात, वाढदिवसाला, शिकारीच्या आठवड्यात, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगितला जायचा. सगळे पोट धरून हसायचे. एवाल्ड खिडकीबाहेर बघत बसायचा. साडेतीन दशकांत त्यानं त्या एका शब्दात भर घातली नाही.

सिक्स्टेनशी मात्र त्याचं तेलावरून कायम वाजायचं. एवाल्ड तेल घ्यायला त्याच्याकडेच जायचा आणि भांडायलाही त्याच्याकडेच. वादाचा मुद्दा एकच, तेल कधी बदलायचं.

"पुस्तकात तीन हजार मैल लिहिलंय," सिक्स्टेन म्हणायचा.

"हजार," एवाल्ड म्हणायचा.

"अरे, आताची तेलं वेगळी, आताची इंजिनं वेगळी."

"थंडी तीच आहे. हजार."

हा इथला मैल बरं का, लांबलचक, चांगला दहा किलोमीटरचा. गाडीचं मीटर किलोमीटर दाखवतं आणि माणसं मैलात बोलतात. त्यामुळे मीटरकडे बघताना मनातल्या मनात शेवटचं शून्य गाळायचं, हे इथलं पोर बोलायला लागल्यापासून शिकतं. कुणी शिकवावं लागत नाही. एवाल्डचे हजार म्हणजे मीटरवरचे दहा हजार.

"आणि ते तुमचं मिनिट!" सिक्स्टेन बोलता बोलता मारितकडे वळायचा. "आता टर्बोभोवती पाणी खेळतं, गाडी बंद केल्यावरसुद्धा. शिवाय तुमच्या घराकडचा शेवटचा रस्ता कच्चा, गाडी रांगत येते. टर्बो फाटकापाशीच गार झालेला असतो. मग अंगणात काय डोंबल गार करता? नुसती अंधश्रद्धा!"

एवाल्ड यावर ना हो म्हणायचा ना नाही. डबा उचलायचा आणि चालू लागायचा. मारितला मात्र वाटायचं, चुकीचं असेल तर असू दे. आजाऱ्याच्या घरात शिरण्याआधी एक मिनिट गप्प बसायला मिळतं, तेवढं कुठल्या नोकरीत मिळतं? आधीच्या घरात कुणी शेवटचे श्वास मोजत असेल, तर पुढच्या घरात ते तोंडावर घेऊन जाऊ नये. तिला ते मिनिट लागायचं.

विसरणं सुरू झालं ते असं गाजावाजा न करता. एवाल्डनं एकदा भांड्यात कॉफी न टाकताच पाणी उकळून दोघांच्या कपांत ओतलं. मारित ते प्यायली. तोही प्यायला आणि म्हणाला, "आज कॉफी जरा पातळ झाली." ती हसली, मग न्हाणीघरात जाऊन दार लावून बसली. रोज दुसऱ्यांच्या घरी हेच बघणारी बाई ती. दुखण्याचं नाव तिला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

डॉक्टरांनी सांगितल्यावर एवाल्डनं स्वतःच पाकिटातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. वाद नाही, काही नाही, फक्त श्शुप. मग एकेक गोष्ट त्याच्या हातून गळत गेली. करवत गेली, बंदूक गेली, मासेमारीची होडी सिक्स्टेन घेऊन गेला. उरलं ते गाडीचं तेल. गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा होता, त्यात तो उतरायचा, खालचा बोल्ट सोडायचा, तेल निथळू द्यायचा, फिल्टर बदलायचा, बोल्ट आवळायचा, वरून नवं तेल ओतायचा. सगळं जिथल्या तिथं, जसं आधी तसं.

तूवेला हे कळलं तशी एस्टेरसुंद शहरातून तिचा फोन आला.

"आई, बाबांना खड्ड्यात उतरू देतेस? वेड लागलंय का तुला?"

"खड्ड्यात उतरायला नाही विसरला तो. वर यायलाही नाही."

"पण बोल्ट लावायला विसरला तर? तेल ओतायलाच विसरला तर? तू एड्लाच्या जंगलात असशील, वजा तीस, आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडेल. मग?"

पोरीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. तेलाशिवाय ते इंजिन फार तर काही मिनिटं चाललं असतं, आणि टर्बो तर तेवढंही नाही.

"गॅरेजची चावी काढून घे," तूवे म्हणाली, आणि पाच-तीस असल्यामुळे रडायला लागली. "मला काय आवडतं का गं हे बोलायला?"

"सगळं काढून घेतलं त्याच्या हातातनं," मारित म्हणाली. "हेही काढलं तर त्यानं हात कुठं ठेवायचे, सांग मला."

शेवटी तह झाला. मारितनं रोज सकाळी निघण्याआधी तेल तपासायचं. ज्या दिवशी तेलात बुडवायची पट्टी कोरडी निघेल, त्या दिवशी चावी काढून घ्यायची. रडायचं नाही, दुसरी संधी द्यायची नाही.

"शप्पथ?"

"शप्पथ."

गाड्यांत उभा जन्म घालवलेल्या माणसाच्या बायकोनं त्या वयापर्यंत बॉनेट कधी उघडलं नव्हतं. एवाल्ड दाढी करायला बसला की ती अंगणात यायची, बॉनेट उचलायची, तेल मोजायची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा आत खुपसून बाहेर काढायची. चोरून. घरात नळाचा आवाज चालू असेपर्यंत. इतकी वर्षं लोकांची नाडी बघितली, पण एवढं धडधडत कधी बघितली नव्हती. पट्टी दोन खुणांच्या मध्ये ओली निघाली, की ती कागदावर टिपायची आणि सुटकेचा श्वास टाकायची. तेल मधासारखं पिवळं.

दुसऱ्या दिवशी पिवळं. पुढच्या आठवड्यात पिवळं. महिन्यानंतरही पिवळंच. तिला आधी वाटलं, असंच असतं वाटतं. मग एकदा सिक्स्टेननं तिला फाट्यावर हात करून थांबवलं.

"मारित, एक विचारू? तुम्ही त्या तेलात बटाटे तळता का?"

"म्हणजे?"

"एवाल्ड परवा पुन्हा आला होता. पायानं ढकलायच्या घसरगाडीवर डबा ठेवून घेऊन गेला. पुढच्या ज्या खुर्चीवर आजीला बसवतात, तिथं डबा, पट्ट्यानं बांधलेला. त्याआधीच्या खेपेला दहा-बारा दिवसच झाले असतील. त्याच्याही आधी नेलं होतं." त्यानं टोपी मागं सरकवली. "मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो भांडला नाही माझ्याशी, मला घास गोड लागेना."

त्या संध्याकाळी मारित गॅरेजच्या दारात उभी राहिली. एवाल्ड खड्ड्यात होता, फक्त टोपी दिसत होती.

"एवाल्ड, तेल आताच तर बदललं होतंस ना रे?"

"हजार झाले."

"कसे हजार?"

तो खड्ड्यातून वर आला, हात पुसले, तिला कोपराला धरून गाडीच्या दारापाशी नेलं आणि दर वेळी तेल बदललं की शून्यावर आणायच्या मीटरवर बोट ठेवलं. चूक दाखवून देणाऱ्या मास्तरसारखं नव्हे, समजावून सांगणाऱ्या माणसासारखं. मारितनं बघितलं. झाले होते खरे, हजार. किलोमीटर. तिच्या कामाच्या दहा-बारा दिवसांचे.

म्हणजे त्याला हजार आठवत होते. शून्य गाळायचं तेवढं विसरला होता.

मारितला हसू आलं. तोवर एवाल्ड पुन्हा खाली उतरला होता. खालचा बोल्ट आवळताना त्यानं मान कलती केली, जशी तो कायम करायचा, पाना कुठं थांबतो हे कानानं ऐकत असल्यासारखी. हात जराही कापला नाही. तासाभरापूर्वी जेवताना हाच हात चमच्यावर अडखळला होता. ती दाराला टेकून बघत राहिली आणि तिला हा माणूस इतका आवडला की छातीत दुखलं.

ताज्या तेलानं आजवर कुठलं इंजिन मेलंय? तिनं सिक्स्टेनला जाऊन सांगितलं, तो मागेल तेव्हा दे, पण फक्त झिरो-चाळीस, दुसरं काही देऊ नकोस. आणि भांड. भांडण त्याच्या हक्काचं आहे.

"काय म्हणून भांडू? पुस्तकात तीन हजार आहेत म्हणून?"

"तेच म्हण."

त्या हिवाळ्यात त्या खोऱ्यात मारितच्या गाडीइतकं लाडावलेलं इंजिन दुसरं नव्हतं. राजाच्या घोड्यालासुद्धा इतक्यांदा कुणी अंघोळ घातली नसेल. एवाल्ड घसरगाडी ढकलत फाट्यावर जायचा, सिक्स्टेनशी भांडायचा, ताज्या दमानं परत यायचा. मारित सकाळी चोरून पट्टी बघायची. कोरडी कधीच निघाली नाही. एकदाही बोल्ट सैल राहिला नाही. तूवे फोनवर विचारायची, "पट्टी?" आणि मारित म्हणायची, "मध." एवढंच. बाकी तब्येतीचं काही विचारायचं राहायचंच नाही.

मग बर्फ विरघळायला लागला, आणि तेलाचा रंग बदलला.

आधी मध जरा गडद वाटला. मारितनं स्वतःला सांगितलं, उजेड कमी आहे. पुढच्या आठवड्यात पट्टीवर चहा होता. ती म्हणाली, कागद मळका असेल. दुसरा कागद घेतला. तरी चहाच. तिनं सिक्स्टेनला विचारलं नाही, गॅरेजमध्ये डोकावली नाही, मीटरकडे तर बघायचंच टाळलं. नर्स असून. एखाद्या घरात पोरं म्हाताऱ्या बापाचं खाणं कमी झालेलं न दिसल्यासारखं करतात, तेव्हा तिला त्यांचा राग यायचा. आता तिला त्यांचं मन कळलं.

तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात एका सकाळी कागदावर काळी कॉफी उमटली. एड्लाच्या चुलीवरची, चांगली उकळलेली. आता सबब उरली नाही. मारित गॅरेजमध्ये गेली. फळीवर तेलाचे तीन डबे एका ओळीत उभे होते, झाकणं न उघडलेले. पाना खिळ्याला जागच्या जागी टांगलेला, त्याच्यावर धूळ. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या. सगळं नीट आवरून ठेवून कुणी गावाला जावं, तसं.

पट्टी कोरडी निघेल म्हणून ती एवढा हिवाळा धास्तावली होती. ती ओलीच होती, दोन खुणांच्या बरोबर मध्ये. शपथ मोडायची वेळच आली नाही, पाळायचीही नाही. ती अंगणात उभी राहून ढसढसा रडली, बॉनेट आडोशाला धरून. घरात नळ चालू होता. दाढी करणं त्याला अजून जमत होतं.

तूवेला तिनं सांगितलं.

"मग... चावी?" तूवेनं हळूच विचारलं.

"लागणार नाही चावी," मारित म्हणाली.

सिक्स्टेन म्हणाला, गाडी इकडे आण, मी बदलतो. मारितनं नको म्हटलं. रविवारी ती स्वतः करणार होती. इतकी वर्षं दारात उभं राहून बघितलं होतं. बाळंतपणं केलेल्या बाईला एक बोल्ट सोडता येऊ नये होय? एवाल्डला स्टुलावर बसवायचं, हातात दिवा द्यायचा. निदान दिवा तरी हातात राहील.

तेल काढण्याआधी इंजिन गरम लागतं. गार तेल खाली उतरत नाही, हे तिनं त्याच्याचकडून ऐकलं होतं. म्हणून जेवण झाल्यावर तिनं एवाल्डला टोपी घातली, शेजारी बसवलं आणि तळ्यापर्यंत चक्कर मारायला नेलं. पाण्यावर बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते. एवाल्ड ते बघत होता, पाहुणा बघतो तसं, कौतुकानं. गेल्या काही दिवसांत तो तिला नावानं हाक मारत नव्हता. ओळखत होता की नाही, हे तिनं विचारलं नव्हतं. परत येताना कच्च्या रस्त्यावर गाडी रांगत रांगत फाटकातून आत आली. मारितच्या डोक्यात बोल्ट, फिल्टर, कुठला पाना, आधी काय आणि नंतर काय, असा नुसता गोंधळ चालला होता. गाडी थांबली तसा तिचा हात थेट चावीकडे गेला.

तिच्या हातावर त्याचा हात आला.

"थांब."

तिनं हात मागे घेतला. शरमल्यासारखं झालं, हजारो अंगणांत न चुकलेलं मिनिट ती स्वतःच्या अंगणात विसरली होती, आणि आठवण त्याला होती. दोघं समोर बघत बसले. इंजिन गुरगुरत होतं.

"पाय दुखले का?" एवाल्डनं विचारलं.

"कशानं?"

"नाचून."

मारितनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं तर तो तिथून निघून जाईल अशी तिला भीती वाटली. तो कुठल्या अंगणात बसलाय ते तिला कळलं होतं.

"थोडे," ती म्हणाली.

एवाल्डनं श्वास आत ओढला. श्शुप. आपल्याला उत्तर ठाऊक आहे, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, तरीही तिच्यानं राहवलं नाही. पुन्हा एकदा त्याच्या तोंडून तो शब्द ऐकावा, एवढंच तिला हवं होतं.

"आपण का थांबलोय, एवाल्ड? टर्बोसाठी?"

त्यानं मान हलवली. नाही.

"टर्बो फाटकापाशीच गार झाला," तो म्हणाला. समोरच बघत होता. टोपीखाली त्याचे कान लालबुंद झाले होते. "मी धीर गोळा करतोय."

इतक्या लग्नांत, इतक्या वाढदिवसांना लोक हसले होते, मारित स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसली होती, आणि हा माणूस खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. तिनं स्टेअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला, मान खाली घातली, जशी तेव्हा घातली होती.

"कर गोळा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

इंजिनात काळं तेल फिरत होतं. आणखी थोडा वेळ फिरलं असतं तरी चाललं असतं.